महिनाअखेर

डॉक्टरणीनं कागद दिला, तो मी फ्रिजवर लावला
गायीच्या आकाराच्या चुंबकाखाली.
दुसरं चुंबक घरात नाही.

रविवारी सून आली, रोमिना, माँतेविदेओहून,
अख्खी सकाळ बसमध्ये, मांडीवर थंड डबा.
डब्यात चार टिक्क्या. लालबुंद.
बिटाचा रंग, ती म्हणाली, वाटाण्याचं प्रथिन, खोबरेल तेल,
विस्तवावर ठेवलं की रक्तासारखं पाझरतं.
"रक्त हवं, मरण नको," शेजारचा ओदिलोन म्हणाला,
"बरंय बुवा."

वॉशिंग्टननं चष्मा लावला.
एकतीस वर्षं कत्तलखान्यात काढलेला माणूस,
पहाटे चारचा भोंगा, गुडघ्यापर्यंत पांढरे बूट,
पाकिटामागची बारीक अक्षरं वाचत बसला
मोठ्यानं, एकेक नाव सावकाश,
शहिदांच्या स्तंभापुढे वाचावीत तशी.
एकोणीस भरली.
"माझ्या वेळी एकच असायचं," म्हणाला. "गाय."

मग जो तो बोलू लागला. जीभ काय, हाडाशिवायचीच.
माझी नणंद सुल्मा, जिच्या छातीवर टाक्यांची चेन आहे,
म्हणाली, हृदयासाठी म्हणता आणि मीठ बघा त्यातलं.
ओदिलोन म्हणाला, उद्या निखारेही वाटाण्याचे येतील.
नऊ वर्षांचा ब्रूनो म्हणाला,
सॉस घातला की सगळं सारखंच लागतं,
आणि त्याला कुणी उत्तर दिलं नाही,
कारण ते खरं होतं.

रोमिना वाद घालत नव्हती.
जाळीच्या एका कोपऱ्यात, वेगळ्या चिमट्यानं
टिक्क्या उलटत होती.
बरगड्यांची चरबी ठिबकून जाळ उसळला
की हातानं आडोसा धरायची, दिव्याला धरावा तसा.
"सोडा म्हणत नाही, बाबा. चाखा म्हणते."

त्यानं चाखलं.
आम्ही सगळे त्याच्या जबड्याकडे बघत राहिलो.
"वाईट नाही."
त्र्याहत्तर साली मला बघून घरी गेल्यावर
आईला तो हेच म्हणाला होता, त्यामुळे मी हसले.
मग बराच वेळ चावत राहिला.
"पण हाड नाही," म्हणाला.
"दाताला कळत नाही कुठं थांबायचं."

मला तेव्हा माझी आई आठवली, उगाच.
पगाराच्या आधीचे आठ दिवस
ती मसूर शिजवायची, भोपळा, एखादं गाजर,
आणि एक हाड, शेजारणीकडून उसनं,
उकळून झालं की धुऊन परत करायचं.
चार्डच्या पानांची भजी करायची, गरम गरम,
आम्ही सात भावंडं ताटलीवर तुटून पडायचो.
त्याला कुणी पर्याय म्हटलं नव्हतं.
महिनाअखेर म्हणायचो.
कुणाचं हृदय बंद पडलं नाही त्या आठवड्यांत,
आणि कुणाला वाटलंही नाही की आपण निरोगी खातोय.
वाटायचं, एक तारीख कधी येते.

हे मी बोलले नाही. सुनेच्या मांडीवर
डब्याच्या बर्फाचा ओला गोल अजून होता,
सहा तास तिनं तो सांभाळला होता.
मी माझी टिक्की संपवली. ब्रेडसकट.

वॉशिंग्टननं अर्धी खाल्ली. उरलेली अर्धी
सगळ्यांचं लक्ष चुकवून टेबलाखाली मोनाला दिली.
कुत्री तिनं हुंगली, त्याच्याकडे पाहिलं,
पुन्हा हुंगली,
आणि तोंडात धरून शेवग्यासारखी चालत, नाही, राणीसारखी चालत
लिंबाच्या झाडाखाली गेली,
खड्डा केला, पुरली, नाकानं माती लोटली.

ओदिलोन तर खुर्चीवरून पडायचा बाकी.
सुल्मा टाके धरून हसली.
रोमिनासुद्धा हसली, जरा उशिरानं.

संध्याकाळी बस सुटल्यावर
तो अंगणात उभा होता, हातात माते, पाणी निवलेलं.
मी म्हटलं, पुढच्या रविवारी मसूर करू?
"कर," म्हणाला. मग लिंबाखालच्या त्या मऊ मातीकडे
बोट दाखवून, अगदी गंभीरपणे,
"वाटाणाच आहे म्हणतेस ना?
पाणी घाल तिथं."