एकशे पंचाहत्तर, साठ, तेरा

रियाझ कोकणी आधी टायर दाखवत नाही,
आधी विचारतो:
"गाडी मिरवायचीय, ताई, की चालवायची?"
चालवायची, म्हटलं.
"मग बसा."
द्वारक्याचे सगळे हॉर्न
आमच्या डोक्यावरून जात राहिले.

झेन आहे, अठ्ठ्याण्णवची.
मूळ रंग कोणता, यावर घरात मतभेद आहेत.
आत एस्टीमचं इंजिन,
सातपूरच्या एका शेडमध्ये तीन रविवारांत बसवलेलं,
ब्रॅकेट मीच लेथवर काढलेले.
आणि खाली अजून तेच एकशे पंचेचाळीसचे टायर,
पैलवानाच्या पायात बालवाडीच्या सपाता.
पाय दिला की पुढची चाकं जागच्या जागी किंचाळायची,
गाडी निघायची नंतर,
लाजल्यासारखी.

मला एकशे पंच्याऐंशी हवे होते.
का, ते नीट सांगता येत नाही.
दिवसभर कंपनीत मी गेज धरून बसते,
दोन शतांश मिलिमीटरसाठी लोकांचा माल परत पाठवते.
एखादी गोष्ट तरी मापाबाहेर असावी,
एवढंच.

रियाझनं खडूनं फरशीवर गणित मांडलं:
रुंदीचे साठ टक्के, दोनदा,
अधिक रिमचे तेरा इंच.
"पंचाहत्तर घेतले तर चाक जुन्याएवढंच उंच,
तीन मिलिमीटर इकडेतिकडे.
पंच्याऐंशीला पंधरा.
काटा सत्तर म्हणेल, तुम्ही बहात्तरला असाल.
फार नाही,
पण खोटं ते खोटं."

तरी देवळालीच्या एका पोराच्या रिमवर चढवलेली
पंच्याऐंशीची जोडी मी दोन दिवस उसनी नेली.
अंबड लिंक रोडला ट्रकांनी डांबर दाबून
दोन पन्हळी पाडल्यात.
चाकोरी म्हणजे काय, ते तिथं हाताला कळलं:
अरुंद चाक तिच्यात मुकाट उतरतं,
रुंद चाक काठावर चढतं, घसरतं, पुन्हा चढतं,
आणि स्टिअरिंग
दुसऱ्याच कुणाचं ऐकू लागतं.
मला आवडलं ते.
खांदे दुखले, पण आवडलं.

रविवारी इंदिरानगरला, पार्किंगात,
मुलीची खेळायची माती मडगार्डच्या आत थापली.
वजन हवं, म्हणून माणसं भरली:
पुढे कुमावतकाका,
मागे बागूल वहिनी, त्यांच्याकडे जेवायला आलेले पाहुणे,
आणि दोघांच्या मांडीवर मिळून गव्हाचा कट्टा.
"कुठं जायचंय?" काकांनी पट्टा लावत विचारलं.
कुठंच नाही, म्हटलं,
आणि स्टिअरिंग टोकापर्यंत डावीकडे.

खर्र.

उजवीकडे.
खर्रर्र.
"अंथरूण पाहून—" बागूल वहिनींनी सुरुवात केली,
पुढचं गव्हामागून ऐकू आलं नाही.
पाहुणे म्हणाले, गाडी छान आहे.

सोमवारी पंचाहत्तर घेतले.
रियाझ जिंकल्यासारखा हसला नाही,
हवा भरली, वॉल्व्हला थुंकी लावून बुडबुडा पाहिला,
आणि जुन्या चारांतला एक लाथेनं कोपऱ्यात घरंगळवला.

नांदुरीच्या घाटात पहाटे, दुसऱ्या गिअरला,
समोरून कांद्याची पिकअप सगळा रस्ता घेऊन आली
तेव्हा मी आत कापलं.
चाकं ओरडली नाहीत.
गाडी मी म्हटलं तिथं गेली,
काकणभर आतच.
वर पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवला,
तो बराच वेळ उचलला नाही.

मातीचा तो तुकडा मुलीनं मोडू दिला नाही.
खिडकीत वाळलाय, टायरची नक्षी उमटलेला.
मला न मिळालेले दहा मिलिमीटर.
भाजी निवडताना कधीतरी
मी त्याच्यावरून अंगठा फिरवते,
गेज नसलेला.