जिथं चमकेल तिथंच

मे महिन्यात हिप्परग्याचं पाणी उतरलं
आणि बुडालेल्या एका बाभळीनं माझ्या फळीचा पर खाल्ला.
मुळापासून.
मग मी शिडासकट आडवी सरकत राहिले
कुणी टेबल ढकलावं तशी, वारा म्हणेल तिकडं,
आणि शेवटी म्हशींच्यात जाऊन लागले.

नवा पर कुरियरनं आला जूनच्या अखेरीला.
फिकट हिरवा, आरपार उजेड जाणारा,
माप कळवून मागवलेला.
खाचेत घातला तर निम्मा आत, निम्मा बाहेर.
पुढून-मागून घट्ट, बाजूंनी हलतोय.
आमच्या पॉलिटेक्निकच्या लेथवाल्यानं हात जोडले.
म्हणून फळी रिक्षाच्या टपावर बांधून
अशोक चौकाच्या मागं, मल्लेशम चिप्पांकडं.
चाळीस वर्षं जॉबर. आता घरच्या चार मागांपैकी
एकच चालतो, तोही टॉवेलपुरता.

'हे काय की गं, इस्त्रीचं टेबल?'
'पाण्यावर उभं राहायचं याच्यावर.'
'कशाला?'
याचं उत्तर मला तेव्हाही देता आलं नाही.

त्यांनी फळी दोन पिंपांवर उताणी घातली,
खाचेत बोट घालून डोळे मिटले.
मी पाना काढला. 'बोल्ट आवळले की ओढून बसेल, मामा.'
'बसेल. आणि एक दिवस खाचच चिरेल.
आधी हातानं बसू दे त्याला.'

मग पेन्सिल, नातवाच्या दप्तरातली.
पराचं बूड सगळं रंगवलं, आत घातलं, बाहेर काढलं,
उजेडात धरलं.
'बघ. कुठं चमकतंय? तिथंच घास.
बाकीच्याला हात लावू नको.'
बारीक पॉलिशपेपर, चार ओढी.
परत पेन्सिल. परत आत. परत बाहेर.
शेजारी मागाची खटखट,
धोटा जातोय, धोटा येतोय,
मला वाटलं आता संध्याकाळ होईल,
आणि झालीच.

बाजूंची फट राहिली, नखाच्या कडेएवढी.
मी म्हटलं टेप लावू.
ते आत गेले आणि सिव्हिलचं पिवळं पाकीट घेऊन आले.
बालमणी मामींच्या छातीचा फोटो.
बावीस वर्षं विड्या वळल्या होत्या त्यांनी, याच ओसरीत.
ट्यूबलाइटला धरला तर बरगड्यांच्या मधे
कापूस पिंजल्यासारखं काहीतरी.
'मामा, नको.'
'का? पाण्यानं कुजत नाही. जाडी बरोबर आहे.'

मामींचीच पानं कापायची कात्री.
पत्र्याचा फर्मा जरा बाजूला सरकवला.
वरच्या कोपऱ्यात नाव होतं, वय होतं, तारीख होती.
तेवढं सोडून खालून दोन पट्ट्या काढल्या, सरळ, मापाच्या,
उरलेलं पाकिटात घालून पाकीट जागेवर.

पर बसला.
बसताना आतली थोडी हवा बाहेर पडली, फुस्स.
एवढंच.

जुलैत वारा पश्चिमेकडून,
ढग नुसते पुढं ढकलत, एक थेंब न सांडता.
शीड भरलं.
फळीनं सवयीनं एकदा आडवं सरकून पाहिलं
आणि मग तिला कळलं, खालून काहीतरी धरून आहे.
तिथून पलीकडच्या काठापर्यंत एकच रेघ.
वेग वाढला तसा पर गुणगुणू लागला,
कानाला नाही, तळव्यांना ऐकू येईल इतका.
अर्ध्या तळ्यात लक्षात आलं, मी श्वास धरून ठेवलाय.

सांगायला गेले तर मामा बंद मागाखाली आडवे,
नुसते पाय दिसत होते.
'ठोकर देतंय का?'
'नाही.'
'आवाज?'
'थोडा. बारीक. जोरात असले की.'
पाय थोडा वेळ हलले नाहीत.
'मागची कड जाड असेल,' खालून आवाज आला.
'आण. घासून देतो.'

मी अजून नेलेला नाही.