विरजणापुरतं

फहाहीलला शुक्रवारी सकाळी नऊला
सातार्डेकरांच्या हॉलमधला सोफा भिंतीला लागतो
आणि मराठीचा वर्ग भरतो.
अकरा मुलं, एक पांढरा फळा.
खिडकीतून दूर, धुळीआड,
रिफायनरीची ज्योत, दिवसाही पेटलेली.

पुस्तक एकच आहे.
माझं, शिवण उसवलेलं,
लग्नानंतरच्या पहिल्या बॅगेत
भाजणीच्या पिशवीखाली दबून आलेलं.
बाईंच्या छत्तीस कविता. मागे किंमत, चाळीस रुपये.
प्रकाशकाचा फोन लागत नाही.
एकदा लागला, तर कुणीतरी म्हणालं,
इथे आता टाइल्स मिळतात.

पराडकर म्हणाले, मॅडम,
सगळंच स्कॅन करून ग्रुपवर टाका ना.
आपण थोडंच विकतोय?
आणि इथे वाळवंटात कोण बघायला येतंय!
चांगला माणूस. फळ्याचे मार्कर तेच आणून देतात.
मला पटकन उत्तर सुचलं नाही.

रात्री नियम वाचत बसले.
शिकवण्यापुरती मोकळीक असते म्हणे,
किती, ते देशागणिक निराळं.
मी अडकले ती कायद्यात नाही, व्याकरणात.
शिकवण्यापुरती.
हा 'पुरती' जोडून लिहिला तर कुंपण,
सुटा लिहिला
तर पुरती बाग आपलीच.

तेवढ्यात बेल वाजली.
समोरची फिलोमिना, हातात स्टीलची वाटी.
विरजण आहे का गं?
चमचाभर दिलं.
विरजण मागायला आलेलं माणूस
भांडं उचलून नेत नाही.
आणि दूध त्याचं त्यालाच तापवावं लागतं.

म्हणून एकच कविता.
कुंजुमोनच्या दुकानात अकरा प्रती,
वीस फिल्सला एक.
कागद नीट बसावा म्हणून त्याने
खालची कड कापून टाकली. मी पाहिलं नाही.

इरावतीने पाहिलं. वय वर्षं आठ.
मॅडम, यावर नावच नाही.
मी अद्वयचा निबंध उतरवला होता
तेव्हा तुम्ही मला उभं केलं होतं.

अकरा माना माझ्याकडे वळल्या.
मी उभीच होते.
तरी पुन्हा एकदा उभी राहिले.

मग फळ्यावर नाव लिहिलं, अंबिका हर्णेकर.
म्हटलं, पेन्सिली काढा,
कवितेखाली सगळ्यांनी लिहा.
ही बाई कोण, कुठली? दिसायला कशी?
मला तरी कुठे माहीत.
पुस्तकातल्या पत्त्यावर एप्रिलमध्ये पत्र घातलंय:
अकरा मुलं आहेत, फी घेत नाही,
एकच कविता घेतली आहे, चालेल ना?
उत्तर नाही.
बाई आहेत की नाहीत, तेही कळायला मार्ग नाही.
न आलेलं उत्तर म्हणजे होकार,
असं मी धरत नाही. नकारही धरत नाही.
दुसरी कविता अजून वाटलेली नाही, इतकंच.

पराडकर जुलैत पुण्याला जातायत.
जुन्या पुस्तकांच्या दुकानांत विचारतो म्हणाले,
मिळाली तर किती आणू?
मिळतील तेवढी, मी म्हटलं.
ते वजनाचा हिशेब करत जिना उतरले,
लोणचं की कविता.

अद्वयने लिहिलं, 'हरणेकर',
आणि शेजारी एक हरीण काढलं,
शिंगं कागदाबाहेर जाणारी.
मी खोडरबर पुढे केला. नाव तरी नीट लिही रे.
नाव दुरुस्त झालं.
हरणाला हात लावला नाही.
ते त्याचं होतं.