सहा गुंजा कमी

चांदरला, कुशावतीच्या काठी
माडाचं आळं खणताना लागलं, म्हणाली इस्मेनियाबाय,
आणि रुमालाची गाठ दातांनी सोडून
नाणं माझ्या मखमलीवर ठेवलं.
धाकटीचं लग्न जानेवारीत. कुड्या करून हव्यात.

तोललं. पाऊण तोळ्याला सहा गुंजा कमी.
कसोटीवर ओढलं. तीस वर्षांत
एवढं निर्मळ पिवळं त्या दगडानं पाहिलं नव्हतं.
कडेला एक जुना छेद,
आत तांबं आहे का म्हणून कुणी छिन्नी घातलेली.
माझ्याच जातीचा हात असणार. संशयी.

एका बाजूला राजा.
राजे कळतात, कुणाकडेच बघत नाहीत.
उलटलं, आणि भिंग डोळ्यापासून हटेना :
एक उघडा माणूस, निघालेला,
खांद्यावर दुसरा.

सां क्रिस्तोव्हांव, ती म्हणाली, आणि क्रूस केला.
पण खांद्यावर पोर नव्हतं, दाढीवाला म्हातारा.
श्रावण म्हणावा तर कावड कुठाय, आई कुठाय?

भाच्यानं फोटो बघून फोनवर सांगितलं :
मामा, मागं शहर जळतंय.
बायको अंधारात चुकली.
बापाला चालवत नाही,
आणि बापाच्या मुठीत घरातले देव आहेत.
रोमवाले म्हणायचे, आम्ही त्याचे वंशज.

ही गोष्ट आमच्या घरात
भाच्याच्या आधीपासून आहे.
रात्र. जुवारी. होडीत सोडणांचा ढीग,
ढिगाखाली अंत्रुजाला निघालेला देव.
आणि पणज्याच्या पणज्याचा एक भाऊ,
जो तरीपर्यंत आला आणि परत वळला.
घरी तान्हं होतं. भात पोटरीला आलं होतं.
चांदरचा होता तो.

हे मी इस्मेनियाबायला सांगितलं नाही.
तिचं नाक माझ्या आत्यासारखं आहे,
तेही कधी बोललो नाही.

मूस लाल झाली.
"हो पावलो मरे पलतडीं?" तिनं विचारलं.
नाण्यावर पाऊल उचललेलंच आहे, बाय.
टेकायच्या आत सोनं संपलं.

ती बराच वेळ गप्प.
मग, "वजनात म्हातारो धरला?"
धरला.

तिनं नाणं परत रुमालात घेतलं,
गाठ मारली, दोनदा,
आणि स्वतःच्या कानातलं काढायला लागली.
फिरकी निघेना. बावीस वर्षांची.
मी चिमटा शोधला.