पितळी पाटी

त्या एप्रिलमध्ये आम्ही तीन कॉलेजं पाहिली,
म्हणजे ऱ्होडाने पाहिली.
मी अकरा वर्षांचा, व्हॅनच्या मागच्या सीटवर,
मांडीवर आईने दिलेला झ्वीबाखचा डबा:
एका पावाच्या डोक्यावर दुसरा छोटा पाव,
टोपी घातल्यासारखा.
कॅन्सस इतकं सपाट, की पुढच्या गावाचं
धान्याचं कोठार आधी दिसतं
आणि गाव अर्ध्या तासाने येतं.

पहिल्या कॉलेजात वाऱ्याचा बोगदा होता.
काचेपलीकडे धुराची एक रेघ
पंखाच्या कडेवरून अशी काही वळली,
की ऱ्होडा तोंडावर हात ठेवून उभी राहिली.
असा हात तिने याआधी
फक्त आमची बर्था गाय व्यायली तेव्हा ठेवला होता.
बाबा दाराशीच थांबले.
पितळी पाटी. देणगी देणाऱ्या कंपनीचं नाव.
क्षेपणास्त्रं बनवणारी कंपनी.
त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला,
पाटी पुन्हा वाचली.
नाव तेच होतं.

आजोबांनी बेचाळीस साली बंदूक घ्यायला नकार दिला.
सरकारने त्यांना वेड्यांच्या इस्पितळात धाडलं.
चार वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चादरी धुतल्या.
परत आले, तर गावातला न्हावी म्हणाला,
खुर्ची रिकामी नाही.
खुर्ची रिकामी होती.
ही गोष्ट आमच्या घरात कुणी सांगत नाही.
फक्त आमच्याकडे सगळ्यांचे केस
अजून अंगणात कापतात.

दुसरं कॉलेज आमच्याच मेनोनाइट लोकांचं.
सकाळी वाद्याशिवाय चार सुरांत प्रार्थना,
दुपारी जेवण संपायच्या आत
कुणाची तरी आत्या आईची वर्गमैत्रीण निघाली.
कॉटनवुडच्या झाडांचा कापूस
वाटेभर उडत होता, कुणाला झाडायची घाई नव्हती.
भौतिकशास्त्राला सर एकच, मोठे भले.
म्हणाले, “पोरी, दोन वर्षांनंतर तुला शिकवण्याजोगं
माझ्याकडे काही उरणार नाही.”
बाबा परतीच्या वाटेवर खुशीत:
“बघ, किती खरं बोलणारा माणूस!”
“हो ना,” ऱ्होडा म्हणाली,
“मग त्यांचं खरं ऐकायला नको?”
यावर चाळीस मैल कुणी बोललं नाही.
मी तीन झ्वीबाख खाल्ले.

तिसऱ्याचं मला फक्त जेवण आठवतं.
आइस्क्रीम हवं तितकं घेता यायचं.
माझं मत मी दिलं होतं.
कुणी विचारलं नव्हतं.

मग महिनाभर फ्रिजवर एक कागद.
रकाना पहिला: अभ्यास. दुसरा: राहणं, माणसं, झाडं.
तिसऱ्याला नाव सुचलं नसावं.
तिथे तिने पेन्सिलीने
एक छोटी कात्री काढून ठेवली होती.
पहिल्या कॉलेजच्या ओळीत, कात्रीखाली,
इतकं लिहून खोडलेलं
की कागदाला भोक पडलं.

तिने तेच निवडलं.
बाबांनी “बरं” म्हटलं आणि गोठ्यात गेले,
धार काढायची वेळ नसताना.
निघायच्या आदल्या संध्याकाळी मात्र
त्यांनीच अंगणात खुर्ची टाकली.
एक बट वाकडी कापली गेली.
तिने आरसा मागितला नाही.

पहिल्या पत्रात तिने लिहिलं,
बाबा, मी प्रयोगशाळेत रोज मागच्या दाराने जाते.
बाबांनी ते पत्र बायबलमध्ये ठेवलं,
आणि त्या रविवारी प्रार्थनेत त्यांचा खर्ज
पुष्कळ दिवसांनी नीट लागला.

पुढच्या शरदात मी तिला भेटायला गेलो.
तिने मला मागच्या दारानेच आत नेलं.
तिथेही पाटी होती,
लहान, सायकली टेकवून अर्धी झाकलेली.
मी तिच्याकडे पाहिलं.
ती म्हणाली, “डोकं सांभाळ, चौकट खाली आहे.”

घरी आल्यावर बाबांनी विचारलं,
कसं आहे ते मागचं दार?
मी म्हणालो,
ठेंगणं आहे. वाकून जावं लागतं.