पासंग

क्लाक्सविकच्या गोदीवरल्या कारखान्यात
रान्वा मासे तोलते. पाच किलोचं खोकं.
काटा जरा कमी दाखवू लागला तर शेपटाकडचा एक तुकडा आत,
जरा जास्त दाखवू लागला तर तोच तुकडा बाहेर.
संध्याकाळी हात तीनदा धुते, तरी कीबोर्डला कॉडचा वास येतो
असं तीच सांगते,
आणि आमचं युद्ध सुरू करते.

सर्व्हर तिचा. भाडं तीच भरते.
लाल आणि निळे, एक पडका पूल, एक धान्याचं कोठार,
आणि रात्री जमतील तेवढे आम्ही:
वादळात बोटी अडकल्या की तीस,
हवा चांगली असली की नऊ.
नऊचे दोन सारखे भाग करून दाखवा.

यंत्राला ते येतं, असं यंत्राला वाटतं.
ते डोकी मोजतं, जड बाजूचा
नुकताच मेलेला एक उचलतं नि पलीकडे टाकतं.
मी स्वतः कोठारामागे लाल मेलोय
आणि निळा होऊन उठलोय.
समोर माझाच भिडू, मला वाचवायला धावत आलेला.
त्याला गोळी घालायला मला अर्धा क्षण लागला.
त्याला लागला नाही.

तेव्हापासून रान्वाने ते बटण बंद ठेवलंय.
आता तीच बघते. कोण किती जणांइतका, तिला पाठ आहे.
सान्दोयचा चौदा वर्षांचा पोरगा, अजून कच्चा लिंबू,
त्याला ती अर्धा धरते, पण बोलून दाखवत नाही.
त्रोन्दुर प्यायलेला नसेल तर दीड.
मी तीन. (हे मी नाही म्हणत. म्हणजे, मीही म्हणतो.)
आणि जी बाजू हलकी, तिथे शेवटी ती स्वतः.
कुणाला विनवत नाही, कुणाची लाज काढत नाही,
पारड्यात पासंग टाकावा तशी स्वतःला टाकते.
त्यामुळे हरते. ह्या हिवाळ्यात जवळजवळ रोज.

गुरुवारी हानुस म्हणाला, आम्हा भावांना आज एकत्र ठेव,
सिमुन पहाटे ट्रॉलरवर चाललाय, ईस्टरपर्यंत.
दोघेही पक्के. दोघेही लाल. मीही लाल.
सात विरुद्ध पाच.
ती "बरं" म्हणाली, आणि त्या पाचांत राहिली.

पूल आम्ही चार मिनिटांत घेतला.
मग कोठार. मग निळ्यांना उठायलाही जागा उरली नाही,
उठले की पडत, उठले की पडत.
पोरगा बोलायचा थांबला.
सिमुन हसत होता, खूप दिवसांनी.
मी भरलेली बंदूक घेऊन पुलावर उभा
आणि समोर कुणीच नाही.
खालचं पाणी बघत बसलो. चित्रातलं पाणी.
चांगलं काढलंय, कधी पाहिलं नव्हतं.

अकरा मिनिटं उरली असताना मी बाजू बदलली.
माझं नाव लालच्या यादीतून गेलं
आणि निळ्यांत उमटलं, बरोबर तिच्या खाली.
खोटं कशाला बोलू, न्याय त्यात निम्माच होता.
उरलेलं हे, की एकदा तिच्या शेजारी उभं राहून
हरायचं होतं मला.

सहा-सहा. डोकी बरोबर.
यंत्र असतं तर खूश झालं असतं.
ती थांबली. चमचा कपावर वाजलेला मला ऐकू आला.
मग काहीतरी पुटपुटली, आकडे असावेत,
आणि तिचं नाव माझ्या डोक्यावरून उठून
लालमध्ये गेलं.

सात विरुद्ध पाच. परत.
पण आता पूल कुणाचाच होईना.
सिमुनने हसणं सोडून शिव्या सुरू केल्या, म्हणजे मजेत होता.
पोरगा ओरडत होता, "उजवीकडे! अरे, उजवीकडे!"
आणि उजवीकडून ती आली.

अर्धा क्षण मला लागला.
तिला लागला नाही.