दर दहा मिनिटांनी एक थेंब

वडील रोज रात्री तेच पान वाचायला लावायचे.
जुन्या अर्ध्यातलं, मधोमधच्या जरा अलीकडचं,
जिथं राजा देवापुढं वैऱ्याचा हिशोब मांडतो
आणि म्हणतो, त्याची पोरं दारोदार हिंडू देत.
मी सातवीत. त्या ओळीवर आवाज बारीक व्हायचा.
ते उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडं बघायचे.
मोठ्यानं, सुवार्ता.

दुसरा डोळा गिरणीच्या फाटकापाशी गेला होता,
संपाच्या एक्केचाळिसाव्या दिवशी.
नरसप्पा येमूलनं फेकलेला धोटा. टोकाला लोखंड.
शेजारशेजारच्या मागांवर नऊ वर्षं,
एकाच डब्यातली शेंगाचटणी.
त्याला वाटलं, शद्रक फुटला.
(ते आत चालले होते, हे खरं. भाऊ तापानं फणफणलेला,
पगार हवा होता.
हे मला फार उशिरा सांगितलं.)

रविवारी चर्चमध्ये मात्र नवं अर्ध.
रणदिवे पाळक व्यासपीठावर खरीखुरी चादर उलगडायचे:
इकडून लाल मोर निळ्यावर,
तिकडून निळा मोर लालवर.
विणणारा एकच, बंधूंनो.
निम्मी मंडळी चादरींच्या कारखान्यातलीच, माना डोलवायची.
परतताना साखर पेठेच्या कोपऱ्यावर वडील म्हणाले,
पांघरल्यावर अंगाला एकच बाजू लागते.
त्यांना विचार कुठली.

मी विचारलं नाही.

आता मी सिव्हिलला, डोळ्यांच्या वॉर्डात.
एप्रिलात पंखा गरम हवाच वाटून देतो सगळ्यांना सारखी.
केसपेपर: येमूल नरसप्पा राजय्या, वय त्र्याहत्तर,
मोतीबिंदू. डावा.
वडिलांचाही डावाच.
मी केसपेपर उलटा करून मागचा कोरा भाग बघितला,
काय शोधत होते कुणास ठाऊक.

ऑपरेशनआधी दर दहा मिनिटांनी एक थेंब.
माझ्या हातात बाटली, डोक्यात पान.
राजानं मागितलं ते देवानं
इतक्या वर्षांनी पाठवलं होतं, तेही माझ्या पाळीत.
खालची पापणी ओढली.
म्हाताऱ्याच्या पापणीची आतली कड किती मऊ असते
हे दोन्ही अर्ध्यांत कुठंच लिहिलेलं नाही.
थंड लागूलालंय बाई, तो म्हणाला.
नाव काय तुझं?
सिस्टर म्हणा.

प्रीती म्हणावी असं काही आत हललं नाही.
ड्यूटी होती. हात धुतलेले होते.
आडनाव गिळलं ती क्षमा होती की भित्रेपणा,
अजून कळलेलं नाही.
सहा थेंब घातले. एकही गालावर सांडला नाही.

रात्री वडिलांना सांगितलं.
खिडकीला ओलं गोणपाट, बोळातून पॉवरलूमची खडखड.
हात थरथरला?
नाही.
तुझा नाही गं. त्याचा.
त्यानं गादी घट्ट धरली होती, म्हटलं.
बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पान काढ.

मी वाचत गेले. राजा, हिशोब, दात.
पोरांच्या ओळीपाशी आले, आवाज मोठा केला.
थांब. पोरं किती त्याला?
एक मुलगी. डबा आणते.
भाकरी कुस्करते, वाटी त्याच्या बोटांना लावून सांगते,
इथं आमटी, इथं चटणी.
शेंगाची?
शेंगाचीच.

ती ओळ सोड, म्हणाले.
पुढची तिच्याहून वाईट होती.
ती पण सोड.
अशा सोडत सोडत आम्ही खाली आलो,
तर पानाच्या तळाशी फक्त देवाला मारलेली हाक उरली,
कोण मारतंय, कशासाठी, काही कळू नये अशी.
तेवढी मी मोठ्यानं वाचली.

उद्या मात्र सगळं वाचायचं, ते म्हणाले,
आणि डोळा मिटला.